फणीचा नाच

प्रिय ताई,

वर 'प्रिय ताई' हे दोन शब्द एवढे मोठे का लिहिलेत, असं तुला वाटलंच असेल. याला कागद फुकट मिळतो की काय, असंही एकदा म्हणून झालं असेल. अक्षर खाली खाली बारीक होत जाणार आहे, तेही आधीच सांगून ठेवतो. त्यामागे कारण आहे आणि ते शेवटी येईल. शेवट आधी वाचून मग सुरुवातीला यायची तुझी जुनी खोड आहे. ती एवढ्या एका पत्रापुरती आवर, बाकी आयुष्यभर काय हवं ते कर.

गोष्ट आपल्या भिंगरीच्या डाव्या डोळ्याची आहे. घाबरू नकोस, डोळा जागेवर आहे, छान काळाभोर आहे, पापण्याही सगळ्या शाबूत आहेत. फक्त त्याला नीट दिसत नाही, आणि ते आम्हाला ती पाच वर्षांची झाल्यावर कळलं. बाप चष्म्याच्या दुकानात जन्म काढतोय, गावाचे नंबर काढतोय, आणि घरात हे! तू फोनवर असतीस तर इथे नक्की हसली असतीस. हस, माझी हरकत नाही. मीही आधी हसलोच होतो, तेच तर सांगायचंय.

माझ्या दुकानातली आतली खोली तुला आठवते ना, पडदा ओढला की काळोख होतो ती? तिथे समोरच्या भिंतीवर दिव्याच्या पेटीत तक्ता आहे. अक्षरांचा नव्हे, त्याच्या शेजारचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतो, त्यावर नुसत्या फण्या असतात. सगळ्यात वर एक मोठी फणी, खाली लहान, आणखी लहान, आणि दाते कुठे वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. दाते कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं, की झालं. भिंगरीला चालता यायला लागल्यापासून ती त्या खोलीत खेळते. गिऱ्हाईक खुर्चीत बसून हात हलवतं, ही मागे उभी राहून तसेच हात हलवते. दिवसभर तेच. शेवटी तिने त्याचा नाच बसवला, ताई! वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे, गिरकी. ओळ बदलली की गिरकी, ही तिची स्वतःची भर. अंघोळीच्या आधी नाच, बसथांब्यावर नाच, पाहुणे आले की विचारायलाच नको. आमचा धाकटा ठोंब्याही तिच्या मागे उभा राहून पोट पुढे काढून हात फिरवतो. अडीच वर्षांचा ऐवज तो, गिरकीपाशी दर वेळी बसतो, म्हणजे पडतोच, पण आपण मुद्दाम बसलो असा चेहरा करतो. बोलत अजून फारसा नाहीच. 'नको' आणि 'अजून' या दोन शब्दांवर त्याचा संसार चाललाय.

मी काय केलं असेल सांग. मला कौतुक वाटलं. तिचे डोळे मी अधूनमधून तपासायचोही. डोळा झाकायचा तो काळा चमचा तिच्या हातात द्यायचा, ती एक डोळा झाकून सगळ्या ओळी धडाधड दाखवायची, मग दुसरा झाकून पुन्हा सगळ्या. शेवटची ओळ तर भल्याभल्यांना दिसत नाही, मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही. पोरीची नजर घारीची आहे, असं मी येईल त्याला सांगत होतो.

मग एके दिवशी दुपारी बेकरीवाले काका चष्मा बदलायला आले. त्यांना खुर्चीत बसवलं, पडदा ओढला, आणि तेवढ्यात बाहेर कोणीतरी हाक मारली म्हणून मी गेलो. परत येतो तर काका टाळ्या वाजवतायत आणि भिंगरी डोळ्यावर चमचा धरून नाचतेय. काका म्हणाले, अहो, तुमच्या त्या पेटीतला दिवाच लागलेला नाही, मला त्यातली एक फणी दिसत नाहीये, आणि ही पोरगी अंधारात तक्ता वाचतेय! आम्ही दोघं पोट धरून हसलो. काकांनी तिला पिशवीतलं बिस्कीट दिलं. मी दिवा बदलला, काकांचा नंबर काढला, आणि संध्याकाळी जेवताना ही गंमत घरात रंगवून सांगितली.

ही हसली नाही. तुझी भावजय बसच्या डेपोत ब्रेक तपासते, तुला माहीतच आहे. काल लागला म्हणून आज ब्रेक लागेलच, असं ती मानत नाही. घरातल्या गॅसचं बटणसुद्धा ती दोनदा बघते आणि मी तिला त्यावरून चिडवतो. तिने घास खाली ठेवला आणि म्हणाली, म्हणजे हिला तो तक्ता पाठ आहे. मग हिला खरंच दिसतं का, हे तू बघितलंस कधी? मी म्हणालो, अगं, दिसत नसतं तर पाठ कसा झाला असता? ती म्हणाली, एका डोळ्याने. एवढं बोलून तिने ठोंब्याच्या तोंडात भात कोंबला. माझं जेवण तिथेच संपलं.

सकाळी मी पुठ्ठ्याची एक सुटी फणी कापली, हवी तशी फिरवता येईल अशी. भिंगरीला समोर उभी केली. डावा डोळा झाकला, उजव्याने सगळं बरोबर. उजवा झाकला आणि फणी आडवी धरली, तर बाईसाहेबांनी नाच पहिल्यापासून सुरू केला. मी म्हणालो, नाच नको, ही एकच फणी सांग. तिने मान तिरकी केली, चमच्याच्या कडेवरून बघायला गेली, मी चमचा नीट बसवला. मग ती अगदी सहज म्हणाली, या डोळ्याला कसं सांगता येईल बाबा, हा तर झोपतो ना. मी विचारलं, कधीपासून? तिला प्रश्नच कळला नाही. उलट मलाच विचारलं, तुझे दोन्ही जागे असतात? दिवसभर? मग दमत नाहीत?

तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं, आणि सगळ्या जगाचा एक डोळा झोपलेला असतो, असंच ती धरून चालली होती. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी तिला आणखी शंभर गोष्टी विचाराव्याशा वाटत होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. डोळ्यात बिघाड नाही. त्याचा नंबर खूप जास्त आहे, त्यामुळे लहानपणापासून त्याच्याकडून धूसर चित्र यायचं, आणि मेंदूने त्याचं ऐकणंच सोडून दिलं. सगळं काम उजव्याकडे. डोळा तिरळाही दिसत नाही, मग ओळखणार कोण? आता चष्मा लावायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशाला कामाला लागावं लागतं. वय लहान आहे तोवर डोळा शिकतो, पुढे पुढे हट्टी होतो. दोन-तीन वर्षं हातात आहेत, ती वाया घालवू नका, असं त्यांनी मला चष्मेवाला म्हणून नाही, बाप म्हणून सांगितलं. म्हणजे पट्टी डोळ्यावर राहिली तर डोळा सुधारणार, नाहीतर जन्मभर एकाच डोळ्यावर भिस्त.

आणि पट्टी राहीना! चष्म्याचं कौतुक झालं, फ्रेम तिने स्वतः निवडली, लाल. पट्टीचं नाव काढलं की मात्र घर डोक्यावर. तिचा मुद्दाही बिनतोड. जो जागा आहे त्याला कशाला झोपवता, झोपलाय त्याला उठवा की! आम्ही चिकटवायची, तिने ओढून काढायची. काढलेल्या पट्ट्या मग ठोंब्याच्या ताब्यात. एक फ्रिजच्या दाराला, एक त्याच्या स्वतःच्या बेंबीवर, एक माझ्या दुकानातल्या काचेतल्या पुतळ्याच्या नाकावर. हिच्या डब्याच्या झाकणावर चिकटलेली एक तर डेपोपर्यंत गेली आणि तिथल्या लोकांनी दिवसभर विचारून तिला भंडावलं. आम्ही लाडीगोडी लावली, गोष्टी सांगितल्या, ओरडलोही. मी ओरडलो तेव्हा ती रडता रडता म्हणाली की पट्टी लावली की तू नाहीसा होतोस. त्यानंतर ओरडायची माझी छाती झाली नाही.

शेवटी तुझ्या भावजयीने फर्मान काढलं की न्याहारीला सगळ्यांनी पट्टी लावायची. घर म्हणजे समुद्री चाच्यांचं जहाज झालं! ठोंब्याने दोन्ही डोळ्यांवर मागितल्या आणि 'अजून' म्हणाला. मी उजव्या डोळ्यावर पट्टी लावून सगळ्यांच्या कपात दूध ओतायला घेतलं, आणि ताई, कपाच्या शेजारी ओतलं. चांगलं बोटभर शेजारी. दूध मेजावरून हिच्या मांडीवर. माझ्या हाताला खात्री होती की कप तिथे आहे. मी तसाच भांडं धरून उभा राहिलो, आणि कानात आईचा आवाज आला, जशाच्या तसा. आली आमची धडपडबाई!

तेवढ्यात भिंगरी खुर्चीवर उभी राहिली आणि मला शिकवायला लागली. असं नाही ओतायचं बाबा. भांड्याची चोच आधी कपाच्या काठाला टेकवायची, टक् आवाज आला की मग ओतायचं. आत्यासारखं. मी विचारलं, हे तुला आत्याने शिकवलं? हो, म्हणाली, गेल्या सुट्टीत आली होती तेव्हा. मग मेजावरचं दूध पुसत म्हणाली, आत्याचा पण एक डोळा झोपतो. तिने सांगितलं नाही, मीच ओळखलं. ती पण टक् करते ना.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना मी आपल्या घराच्या जिन्यावर पोचलेला असतो. शेवटच्या पायरीपाशी तू पाय चाचपडत टाकायचीस आणि मी मागून 'अजून एक आहे' असं खोटंच ओरडायचो. माझा चेंडू तुला कधी झेलता आला नाही, म्हणून तू स्वतःला पंच नेमलंस आणि मला पहिल्याच चेंडूला बाद द्यायला लागलीस. गाडी शिकायला गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळा आला म्हणून सोडलीस. तुला, कंटाळा? पाच तास एका बाहीच्या शिवणीवर बसणाऱ्या बाईला? उन्हात गेलीस की डावा डोळा मिटायचीस आणि मावशी म्हणायची, कोणाला डोळा मारतेस गं. जुने फोटो काढून बसलो तर एकाही फोटोत तू सरळ समोर बघत नाहीस, मान कायम जराशी वळलेली. आम्हाला वाटायचं, ऐट आहे. तुझ्या शिवणाच्या दुकानात बायका नवल करतात की तू शिवण डोळ्यांनी नाही, बोटांनी तपासतेस. मीही ते चारचौघांत अभिमानाने सांगतो. आणि दुकानात माझ्याकडे नंबर काढायला ये म्हटलं की तुला हमखास घाई असते.

फोनवर विचारून बघितलं होतं. आठवतं? तू म्हणालीस, माझे डोळे ठणठणीत आहेत, ठोंब्याच्या दाढा आल्या का ते सांग. मीही गाढवासारखा दाढांवर बोलत बसलो. म्हणून हे पत्र. पत्राचा विषय बदलता येत नाही.

मला तुला दोषही द्यायचा नाही आणि दया तर मुळीच दाखवायची नाही. दया दाखवली तर तू कात्री फेकून मारशील, आणि तीही दोन बोटं शेजारी जाईल. मला फक्त जाणून घ्यायचंय. त्या डोळ्याने काय दिसतं गं? धुकं, की पाण्याखालचं असतं तसं, की नुसता उजेड? तुलाही लहानपणी वाटायचं का, की सगळ्यांचाच एक डोळा झोपतो? कळलं कधी, आणि कळल्यावर कोणाला सांगावंसं वाटलं नाही का? ती टक् करायची युक्ती तुला कोणी शिकवली, की दूध सांडून सांडून तुझी तूच शोधलीस? धडपडबाई म्हणून आम्ही सगळे हसत होतो आणि तू तेवढ्यात एकटीने केवढं काय काय शोधून ठेवलं होतंस! मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, तुझा अभिमानही वाटला. मी पट्टी लावून एक न्याहारी निभावू शकलो नाही.

आता भिंगरीचं ऐक. काल तिने तिची अट सांगितली. आत्या लावेल तर मी लावीन. मी म्हणालो, आत्या मोठी आहे, तिचा डोळा आता किती शिकेल हे डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत, चष्म्याने थोडं बरं दिसेल कदाचित. ती म्हणाली, म्हणून काय झालं, तिला सोबत नको का? तिने सगळ्या पट्ट्यांमधून तुझ्यासाठी एक निवडली, निळी, बेडकाचं चित्र असलेली. पाकिटात आहे. कोपऱ्यावर चिकट दिसेल, ठोंब्याच्या हातून मोठ्या मुश्किलीने सोडवलीय.

तर ताई, अक्षरं मोठी का, ते आता सांगतो. हे पत्र म्हणजे तक्ता आहे. दुकानातला तक्ता तुला दाखवला असता तर तू काहीतरी युक्ती काढून तो पार केला असतास, आपल्या घराण्यात ती कला आहे असं दिसतंय. हे मात्र तुला पाठ असणं शक्य नाही, कारण ते मी कोणाला वाचून दाखवलेलं नाही. आत्ता इथवर तू उजव्या डोळ्याने आलीस. आता दार लावून घे, बेडूक उजव्या डोळ्यावर चिकटव, आणि पुन्हा वरून वाचायला घे. जिथे अडशील तिथे पेन्सिलीने खूण कर, मान तिरकी करायची नाही, आणि तो कागद घेऊन मिळेल त्या गाडीने इकडे ये. चष्मा मी स्वतः करीन, पण घाई त्याची नाही. इथे एक पाच वर्षांची मुलगी पट्टी मुठीत धरून खिडकीत बसलीय. आमचं कोणाचं ती ऐकत नाही. पट्टी लावल्यावर माणसं नाहीशी होत नाहीत, हे तिला सांगू शकेल असं आमच्या घरात दुसरं कोणी नाही. खूण अगदी पहिल्या पानावर पडली तरी लाजू नकोस. वरचे दोन शब्द मी मुद्दाम तेवढे मोठे काढलेत, ते तुझ्या झोपाळू डोळ्यालाही दिसतील. तेवढेच दिसले तरी पुरे, बाकीचं मी समोर बसून वाचून दाखवीन.

तुझाच,
पंचांनी कायम बाद दिलेला भाऊ